कोणती नरसी?

दिवाळीच्या अंकात या सदराने काही गोडधोड वाढावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. यंदा मात्र फराळाच्या ताटात मी एक पाना, चार स्क्रू आणि वीतभर वायर ठेवणार आहे. घरातल्या बायकांनी एवढ्यावरून पान उलटू नये. मोटारसायकलवर बसवायच्या एका यंत्राची ही गोष्ट आहे खरी. पण मुलगा बाहेरगावी गेला की रात्री गॅलरीत येरझारा घालणाऱ्या आईचाही तिच्याशी फार जवळचा संबंध आहे.

आमचे चिरंजीव संगणकाच्या एका कंपनीत आहेत. आठवड्यातले पाच दिवस ते खुर्चीवर बसतात आणि उरलेले दोन दिवस मोटारसायकलवर. मोटारसायकल म्हणजे भाजी आणायची नव्हे. लांबच्या प्रवासाची, उंच टाकीची, पुढे काच आणि मागे दोन पेट्या असलेली. एके रविवारी, पोह्यांच्या दुसऱ्या बशीचा अंदाज घेऊन, त्यांनी बेत जाहीर केला.

"कार्तिकी एकादशीला नामदेवांची जयंती. त्या दिवशी नरसी नामदेवहून निघायचं आणि घुमानला जायचं. आम्ही चौघे मित्र."

हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. १२७० ते १३५० हा त्यांचा काळ. घुमान पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात. नामदेव उत्तरेकडे गेले, तिथे राहिले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा पुष्कळ मराठी घरांत हे नाव पहिल्यांदा ऐकू आले. अंतर मात्र थोडेथोडके नाही; दीड हजार किलोमीटरच्या पुष्कळ पुढे जाते.

मला बेत आवडला. तरुणपणी येझदीवर बसून मीही कोल्हापूर-कारवार केलेले आहे. पण सौभाग्यवतींनी हातातला झारा खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "रस्ता कशावर बघणार?"

"फोनवर. टाकीवर पाकीट आहे ना!"

त्या उत्तराने सारे बिघडले. आमच्याच सोसायटीतला एक मुलगा मागच्या वर्षी असाच टाकीवरच्या फोनकडे बघत मुळशीला निघाला होता. त्याने मान खाली घातली, आणि मान वर केली तेव्हा पुढे उसाची ट्रॉली उभी होती. मुलगा वाचला. पण चार महिने त्याचा पाय लोखंडाच्या सळ्यांत होता, आणि त्याचा डबा आमच्या घरून जात होता. तेव्हापासून खाली वाकलेली मान दिसली की आमच्या घरात शांतता पसरते.

"ज्याच्याकडे बघायला मान खाली घालावी लागते, ते यंत्र घेऊन माझा मुलगा पंजाबात जाणार नाही," ती म्हणाली. "आधी तुम्ही दोघं नरसीपर्यंत जाऊन या. अहो, तुम्ही मागं बसा आणि हा किती वेळा खाली बघतो ते मोजा. मग मी ठरवीन."

अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझी नेमणूक झाली.

आता यंत्र कोणते घ्यावे, यावर आमच्या घरात तीन रविवार खल झाला. त्यातले सार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो.

पहिला पक्ष फोनचा. फोन घरात आहेच, नकाशा फुकट आहे, हँडलवर लावायचे होल्डर कुठल्याही दुकानात मिळतात. हा पक्ष मध्यमवर्गाला साहजिकच प्रिय, म्हणजे माझा. पण त्याच्या उणिवा एकेक करून बाहेर आल्या. भर उन्हात फोन तापतो आणि नेमका फाट्यावर आला की बंद पडतो. पडदा उन्हात दिसत नाही. हातमोजे घातले की बोट ओळखत नाही, आणि पावसाचे थेंब पडले की तेच बोट समजून भलतेच काही उघडतो. शिवाय मोठ्या इंजिनाची थरथर फोनच्या कॅमेऱ्याला मानवत नाही. आत भिंग तोलून धरणारा नाजूक भाग असतो, तो बिघडू शकतो. ॲपल कंपनीने २०२१ साली स्वतःच तशी सूचना प्रसिद्ध केली होती. थरथर शोषणारा रबरी सांधा मिळतो. त्याने त्रास कमी होतो एवढेच.

दुसरा पक्ष मोटारसायकलसाठीच बनवलेल्या जीपीएसचा. गार्मिनचा झूमो, टॉमटॉमचा रायडर ही त्यातली जगभर चाललेली नावे. पडदा उन्हात वाचता येईल असा झगझगीत, हातमोज्यांनी चालणारा. आणि पाण्यापासून संरक्षण चांगले. 'आयपीएक्स ७' असे डब्यावर लिहिलेले असेल तर ते यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जाऊ नये, असा त्याचा अर्थ. नकाशा यंत्राच्या पोटातच असल्याने मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही. दोष एकच, किंमत. आणि एक खबरदारी : घेण्यापूर्वी त्यात भारताचा नकाशा आहे का आणि तो पुढे ताजा करून मिळतो का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. युरोपचा उत्तम नकाशा मंठा-जिंतूरच्या रस्त्यावर काय कामाचा!

तिसरा पक्ष गाडीबरोबरच येणाऱ्या छोट्या तबकडीचा. रॉयल एनफील्डने २०२० साली मीटिअर गाडीवर 'ट्रिपर' नावाची अशी तबकडी दिली. ती नकाशा दाखवीत नाही, वळणाचा बाण आणि अंतर तेवढे दाखवते. ही कल्पना मला फार पटली, कारण जितके कमी दाखवील तितके कमी बघावे लागेल. पण चिरंजीवांची गाडी निराळ्या कंपनीची, त्यामुळे तो पक्ष बाद झाला.

मी फोनचे घोडे पुढे दामटीतच होतो. शेवटी निकाल लावला तो सौभाग्यवतींनी.

"समज, पडलास," ती म्हणाली, "गाडी एकीकडे गेली आणि तू एकीकडे. फोन कुणाजवळ राहील? गाडीजवळच ना? मग मला फोन कोण करणार?"

आम्ही दोघेही गप्प झालो. लांबच्या प्रवासाला जाणारे अनुभवी लोकही हेच सांगतात : वाट दाखवणारे यंत्र गाडीवर, आणि फोन अंगावरच्या खिशात. माझ्या काटकसरीने त्या दिवशी शरणागती पत्करली. चिरंजीवांनी साठवलेल्या पैशांतून वेगळे जीपीएस आले. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी घरातला जुना फोन त्या कामाला लावावा, नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि रोजचा फोन खिशात ठेवावा. तत्त्व तेच.

यंत्र घरी आल्यावर मला उत्सुकता वाटली की आकाशातल्या उपग्रहाला आपली गाडी दिसते तरी कशी? चिरंजीवांनी माझा गैरसमज दूर केला. उपग्रहाला आपण मुळीच दिसत नाही. तो सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फक्त "मी अमक्या जागी आहे आणि आता इतके वाजले" एवढेच सतत सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढते. असे चार उपग्रह एकाच वेळी ऐकू आले की जागा ठरते. तीन पुरले असते. पण आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले, त्याची चूक काढायला चौथा लागतो. उपग्रहांतली अणुघड्याळे भलतीच नेमकी. तरी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसाभरात अंतराचा हिशेब दहा किलोमीटरहून अधिक चुकेल!

ही व्यवस्था अमेरिकेची. सामान्य लोकांना मिळणारा संदेश तिथल्या सरकारने पूर्वी मुद्दाम अंधुक ठेवला होता, तेव्हा शंभरेक मीटरची चूक सहज होई. तो अडसर १ मे २००० रोजी उठवण्याचा हुकूम निघाला. आणि गंमत अशी की परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला तोही बरोबर एक वर्ष आधी, १ मे १९९९ रोजी. आपल्या इस्रोनेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून स्वतःची व्यवस्था उभारली. तिचे नाव 'नाविक'.

पुढचे काम यंत्र बसवण्याचे. इथे घाई करणारे फसतात. होल्डर घेण्यापूर्वी ज्या नळीवर तो बसायचा तिची जाडी मोजावी. पुष्कळ गाड्यांच्या हँडलची नळी बावीस मिलिमीटरची असते. पण काहींची मधोमध अठ्ठावीस मिलिमीटर होते. गॅरेजमधल्या मेस्त्रीने हँडलच्या मध्यावर, टाकीला लागूनच होल्डर आवळला. तिथे सोपे जाते म्हणून. मग आम्ही परीक्षा घेतली. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पाहिले. यंत्र टाकीला किंवा काचेला आपटते का? हॉर्नचे बटण दाबले जाते का? ब्रेकची आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणते का? किल्ली लागते का, पेट्रोलचे झाकण उघडते का, साइडचे दिवे झाकले जातात का? सगळे ठीक.

वायरीच्या बाबतीत चिरंजीव पक्के निघाले. हेडलाइटची वायर सोलून जोड देण्याचा मेस्त्रीचा बेत त्यांनी मोडून काढला. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणायची, बॅटरीच्या जवळच तिला फ्यूज घालायचा, आणि किल्ली बंद केली की वीजही बंद होईल अशी रिलेची जोडणी करायची. नाहीतर रात्रभर यंत्र वीज पीत बसते, आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. हँडल जिथे वळते तिथे वायरीला थोडा झोल ठेवायचा. शिवाय यंत्राला एक दोरी बांधायची. होल्डर सैल झालाच तर ते रस्त्यावर पडण्याऐवजी लोंबकळत राहील.

ऑगस्टच्या शेवटी, एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. मुद्दाम पावसाचे दिवस निवडले. परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी. वाघोली मागे पडली आणि मी मोजणी सुरू केली. चिरंजीवांचे हेल्मेट खाली झुकले की माझे बोटाचे एक पेर पुढे. शिरूर येईपर्यंत हेल्मेट एक्केचाळीस वेळा झुकले.

शिरूरला चहाच्या टपरीवर मी आकडा सांगितला. त्यांना खरेच वाटेना. मी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेवर हिशेब मांडला. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. मान खाली घालून, यंत्र वाचून, पुन्हा वर बघायला दीड-दोन सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक वेळी चाळीसेक मीटर रस्ता आपण डोळे मिटून जातो. एक्केचाळीस वेळा चाळीस मीटर... त्यांनी पुढे ऐकले नाही. ते उठले, पेटीतून ॲलन की काढली.

त्यांच्या गाडीला वेग दाखवणाऱ्या तबकडीच्या वर, काचेच्या मागे, एक आडवी नळी आहे. यंत्र तिथे बसवायला हवे होते. मेस्त्रीने वायर पुरत नाही म्हणून ते टाळले होते. आता झोल थोडा कमी करून ती पुरवली, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पुन्हा पाहिले. यंत्र आता रस्त्याच्या अगदी खालच्या कडेला, नजरेच्या टप्प्यात आले. मान हलवायची गरज नाही, डोळ्याची बुबुळे तेवढी हलली तरी पुरे. शिरूर ते अहिल्यानगर, जवळजवळ तेवढ्याच अंतरात, हेल्मेट सतरा वेळा झुकले. अहिल्यानगरला होल्डरचे स्क्रू पुन्हा तपासले. दोन सैल झालेच होते. नव्या होल्डरचे स्क्रू पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आवळावेतच.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला केला. रात्री मला एक जुनी सवय आठवली. येझदीच्या दिवसांत मी निघण्यापूर्वी गावांची नावे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकीवर चिकटवीत असे. पुढे मैलाचे दगड होतेच. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य मार्ग. मी चिठ्ठी लिहिली : जालना, मंठा, जिंतूर, औंढा, हिंगोली, नरसी. चिरंजीव हसले, पण वडिलांचा मान म्हणून त्यांनी ती टाकीवर चिकटवली. एकदा चिठ्ठी वाचल्यावर मात्र पुढचे गाव डोक्यात राहू लागले, आणि यंत्राकडे वारंवार पाहण्याचे कारणच उरले नाही. जालना ते जिंतूर मी फक्त नऊ पेरे मोजली. मधे मंठ्याच्या अलीकडे पावसाने झोडपले. यंत्राला काही झाले नाही. मला सर्दी झाली.

औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेतले. या देवळाची कथा मराठवाड्यात लहान मुलेही सांगतात. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही. ते मागे जाऊन बसले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मात्र होता तिथेच, म्हणून तो आज देवळाच्या मागच्या बाजूला दिसतो. या औंढ्याजवळच आता गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी दोन हजार सहाशे कोटी रुपये मंजूर केले. ज्या आइन्स्टाइनच्या हिशेबाने आमचे यंत्र चालते, त्याच आइन्स्टाइनचे सूक्ष्म बोलणे इथे कान लावून ऐकणार आहेत. मला त्या गावाचा मोठा अभिमान वाटला.

आणि त्याच गावात आमचे यंत्र आणि माझी चिठ्ठी यांचे भांडण झाले.

चिठ्ठी म्हणत होती, हिंगोली. यंत्र म्हणत होते, वसमतचा रस्ता धर. मी म्हणालो, "अरे, हिंगोली तिकडे नाही." चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवीन रस्ता झाला असेल. यंत्राला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं." मी म्हणालो, "थांब तरी." त्यांनी गाडी कडेला, हॉटेलसमोर उभी केली. एवढे मात्र त्यांचे कौतुक केले पाहिजे. चालत्या गाडीवर वाद घातला नाही.

हॉटेलात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, पांढरी टोपी, पुढ्यात अर्धा कप चहा. मी विचारले, "काका, नरसीला कुठल्या रस्त्यानं जायचं?"

त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "कोन्ती नरसी? नामदेवाची का नायगावची?"

चिरंजीवांचा हात आपोआप यंत्राकडे गेला. यादी उघडली. सकाळी हातमोजे घालून घाईघाईत त्यांनी 'नरसी' एवढेच लिहिले होते आणि पहिल्या आलेल्या नावावर बोट ठेवले होते. ती नरसी नांदेड जिल्ह्यातली, नायगाव तालुक्यातली. नांदेडच्याही पुढे, देगलूरच्या वाटेवरची. मोठे हमरस्त्यावरचे गाव. यंत्राने आम्हाला तिथे नेऊन अचूक सोडले असते, आणि संध्याकाळी आम्ही शंभरावर किलोमीटर दूर, नामदेवांचे देऊळ विचारीत फिरलो असतो. पडद्याच्या कोपऱ्यात राहिलेले अंतर लिहिलेले होते. चाळीसच्या जागी शंभराच्या वरचा आकडा. तो सकाळपासून तिथेच होता. बघितला कोणी?

"माझंच चुकलं," चिरंजीव म्हणाले.

मी काही बोललो नाही. नामदेवांसाठी देऊळ फिरले. आमच्यासाठी मोटारसायकल फिरवावी लागली, एवढाच काय तो फरक. यंत्राचा तरी काय दोष? आपण कुठे आहोत ते त्याने नीट मोजून दिले. कुठे जायचे आहे, ते आपणच सांगायचे असते. आणि ते नीट सांगितले की नाही, हे उलटून विचारण्याची रीत त्या म्हाताऱ्या गृहस्थांजवळ होती, त्याच्याजवळ नव्हती. आम्ही त्यांच्यासाठी पूर्ण कप चहा सांगितला.

हिंगोली रस्त्याला दोन्ही बाजूंना हळद आणि सोयाबीन हिरवेगार उभे होते. हिंगोलीहून पंधरावीस किलोमीटरवर नरसी नामदेव. गावाला लागून कयाधू नदी. पुढे ती पैनगंगेला मिळते. पावसाने तिचे पाणी तांबडे झाले होते. देवळात एक पंजाबी कुटुंब भेटले. नांदेडच्या गुरुद्वाराचे दर्शन घेऊन ते मुद्दाम भगत नामदेवांच्या गावी आले होते. त्यातल्या आजीबाई उंबऱ्याला हात लावून कितीतरी वेळ बसून होत्या. चिरंजीवांनी त्यांना घुमानचा बेत सांगितला. त्यांनी त्याच्या हेल्मेटवरून हात फिरवला आणि पंजाबीत काहीतरी आशीर्वाद दिला. तो समजायला भाषेची गरज नव्हती.

परतताना मला आठवले की 'कोणती नरसी' हा प्रश्न विद्वानांनाही सुटलेला नाही. काही अभ्यासकांनी नामदेवांची नरसी कऱ्हाडजवळ, कृष्णाकाठी असल्याचे मत मांडले आहे. देगलूरच्या वाटेवरची एक, कऱ्हाडची एक, कयाधूची एक. जिथे संशोधकांची वाट चुकते तिथे आमची चुकली, यात लाजण्यासारखे फारसे नाही. पण त्या आजीबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या त्या या नरसीत, आणि आम्हाला यायचे होते तेही याच नरसीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचलो. सौभाग्यवतींनी आधी लेकाला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती?"

मी पाठ केलेला हिशेब सांगितला. पहिल्या टप्प्यात एक्केचाळीस, दुसऱ्यात सतरा, तिसऱ्यात नऊ. परतीच्या वाटेवर औंढा ते जिंतूर तीन. मग औंढ्याची हकीकतही सांगितली. मला वाटले, आता हा बेत बारगळला. पण ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "चुकला, पण थांबला. आणि विचारलं. मग जाऊ दे त्याला."

मात्र अटी घातल्याच. त्या आमच्या फ्रीजवर चिकटवलेल्या आहेत. वाचकांनाही हव्या तर घ्याव्यात. गावाचे नाव तालुका-जिल्ह्यासकट घालायचे, आणि ते घरी, हातमोजे न घालता. निघताना राहिलेले अंतर आपल्या अंदाजाशी ताडून पाहायचे. गावांची चिठ्ठी टाकीवर लावायची. चालत्या गाडीवर यंत्राला बोट लावायचे नाही; काही बदलायचे असेल तर गाडी कडेला घ्यायची. फोन खिशात. रोज सकाळी स्क्रू आवळायचे, आणि रोज रात्री आईला फोन करायचा. यातल्या चौथ्या अटीला कायद्याचाही आधार आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी चालवताना असल्या हातातल्या यंत्राचा उपयोग फक्त मार्ग पाहण्यासाठी करता येतो, आणि तोही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. सरकारने आमच्या घरातलेच मत उचलले असावे, असे सौभाग्यवतींना वाटते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरी चकलीचा एक डबा गाडीच्या डाव्या पेटीत जाऊन बसलेला असेल. एकादशी जवळ आली आहे. परवा रात्री चिरंजीव दिवाणखान्यात यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. आई पाठीमागे येऊन उभी राहिली. त्यांनी 'घुमान' एवढे लिहिले आणि बोट पुढे नेले.

"थांब," ती म्हणाली. "कोणतं घुमान?"

यादीत त्या नावाशी मिळतीजुळती आणखी गावे होतीच. त्यांनी बोट मागे घेतले आणि मुकाट्याने पुढे लिहिले, जिल्हा गुरदासपूर.